मागच्या सीटवरची आई

पावसाळ्याचे दिवस होते. संध्याकाळचे सात वाजून गेले होते आणि दवाखान्याबाहेरच्या बाकांवर तापाच्या रुग्णांची रीघ लागली होती. त्या गर्दीतून वाट काढीत एक ओळखीचा तरुण आपल्या आईला हाताला धरून आत घेऊन आला. काकूंचे वय एकाहत्तर. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून त्या देवळातून परतत होत्या. चौकात एका टेम्पोचा धक्का हँडलला लागला, स्कूटर कलंडली आणि काकू उजव्या अंगावर पडल्या. कोपर सोलवटले होते, गुडघ्याला मुका मार होता. "डोक्याला लागलं का?" असे मी विचारले. "जरासं टेकलं, पण काही झालं नाही," असे काकूच म्हणाल्या. त्या शुद्धीत होत्या, बोलत होत्या, उलट मुलालाच धीर देत होत्या. मी जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि केसपेपरवर लिहिले : 'पडून खरचटले. उजवे कोपर, गुडघा.' टेम्पोवाला बिचारा थांबला होता, माफी मागून त्याने दोन हजार रुपये हातावर ठेवले होते, असेही मुलाने सांगितले. ते मी ऐकले. लिहिले मात्र नाही.

त्या एका ओळीतल्या दोन चुकांविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे. पहिली चूक वैद्यकीय होती, दुसरी कायद्याची. पहिलीची किंमत काकूंच्या जिवाने मोजली जाण्याची वेळ आली होती. दुसरीची किंमत त्यांच्या कुटुंबाला खरोखरच मोजावी लागली.

साधारण तीन आठवड्यांनी सून काकूंना घेऊन आली. काकू हल्ली फार झोपतात, आमटीत दोनदा मीठ घालतात, विचारले तर उत्तर द्यायला वेळ लावतात, अशी तिची तक्रार होती. मी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, वयोमानाने असे होते, असे म्हणून थोडे औषध लिहिण्याच्या बेतात होते. तेवढ्यात सून सहज म्हणाली, "आणि चालताना डाव्या पायातली चप्पल निघून पडते, पण त्यांना कळतच नाही." माझा हात तिथेच थांबला. काकूंच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत वर्षभरापूर्वी स्टेंट बसवलेला होता आणि रक्त पातळ राखणाऱ्या दोन गोळ्या त्या रोज घेत होत्या. ही गोष्ट अपघाताच्या दिवशीही मला ठाऊक होती. पण गर्दीच्या घाईत तिचा आणि डोके 'जरासं टेकण्याचा' संबंध माझ्या मनात जुळला नव्हता. त्याच संध्याकाळी सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला, आवरणाखाली, चंद्रकोरीच्या आकाराचा रक्ताचा थर साचलेला दिसला. दुसऱ्या दिवशी शहरातल्या मेंदूशल्यचिकित्सकांनी कवटीला दोन लहान छिद्रे पाडून ते रक्त काढले. काकू वाचल्या.

तीन आठवड्यांनी बोलणारी जखम

वाढत्या वयात मेंदू किंचित आकसतो. कवटी आहे तेवढीच राहते, त्यामुळे मेंदू आणि त्याचे आवरण यांच्यातली पोकळी वाढते आणि ती ओलांडून जाणाऱ्या बारीक नीला ताणल्या जातात. अशा ताणलेल्या नीलेला फाटायला मोठा आघात लागत नाही. डोके जमिनीवर आपटलेच पाहिजे असेही नाही. जोराचा हिसका पुरतो. त्यातून रक्त थेंबाथेंबाने झिरपते. पोकळी मोठी असल्यामुळे सुरुवातीचे काही दिवस मेंदूवर दाब येत नाही आणि माणूस अगदी ठणठणीत दिसतो. दोन, तीन, कधी सहा आठवड्यांनी हा साठा पुरेसा वाढला म्हणजे मग लक्षणे सुरू होतात. ती सुरू होतात तेव्हा अपघाताची आठवणही घरात पुसट झालेली असते.

ही लक्षणे फसवी असतात. सतत राहणारी डोकेदुखी, दिवसाची वाढलेली झोप, बोलण्यात गोंधळ, चालताना एका बाजूला झोक जाणे, एका हातातून वस्तू सुटणे, कपड्यात लघवी होणे. घरचे म्हणतात, विसराळूपणा वाढला. शेजारी म्हणतात, अर्धांगवायूचा हलका झटका असेल. आणि कधीकधी, मी आता सांगितले त्याप्रमाणे, डॉक्टरही म्हणतात की वय झाले. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे : घरातील वृद्ध व्यक्ती वाहनावरून पडली असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करावी आणि पुढचे दीड-दोन महिने वागण्यातल्या कोणत्याही बदलाबद्दल डॉक्टरांशी बोलताना ती तारीख आधी सांगावी. महिनाभरात नव्याने आलेला विसराळूपणा हा सहसा म्हातारपणाचा नसतो. म्हातारपण इतक्या घाईने येत नाही.

अपघाताच्याच दिवशी स्कॅन कोणाचा करावा? क्षणभर शुद्ध हरपली असेल, अपघाताचा प्रसंग आठवत नसेल किंवा माणूस गोंधळलेला वाटत असेल आणि वय पासष्ट वा त्याहून अधिक असेल, तर एवढ्या वयावरच तो धोक्याच्या गटात येतो. स्कॅन टाळू नये. वॉरफेरिन, अ‍ॅसिट्रॉम, अपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन यांपैकी एखादे औषध चालू असेल तर शुद्ध हरपली नसली तरी डोक्याच्या माराची गोष्ट त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन दाखवावी. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र चालू असणाऱ्यांनीही तसेच करावे. पण ही औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. स्टेंट बसवलेल्या माणसाने गोळ्या अचानक थांबवल्या तर हृदयाचा झटका येऊ शकतो. कोणती गोळी किती दिवस थांबवायची, हे डॉक्टर ठरवतील. आपण औषधांच्या नावांची एक चिठ्ठी मात्र पाकिटात किंवा मोबाइलच्या कव्हरमागे अवश्य ठेवावी.

डोक्याखेरीज आणखी एका दुखापतीकडे आपले दुर्लक्ष होते, ती पाठीच्या मणक्याची. हिच्यासाठी पडावेही लागत नाही. मागच्या सीटवरची आई गतिरोधकावर उडते आणि पुन्हा सीटवर आदळते, एवढ्यात ठिसूळ झालेला मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा होतो. पाठीच्या मध्यभागी एकाएकी कळ उठते, उठताबसताना ती वाढते, आडवे पडले की थोडी कमी होते. घरात तिला 'पाठ धरली' म्हणतात आणि मालिश करून घेतात. मालिश करू नये, एक्स-रे काढावा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, म्हणजे हळूच चढून हळूच उतरणारा हवा. आपल्या गल्लीतला उंचवटा किती रुंद आहे हे एकदा पावलांनी मोजून पाहा. तो बदलणे आपल्या हातात नसेल, पण त्यापूर्वी मुलाच्या खांद्यावर थाप मारून वेग कमी करायला सांगणे नक्कीच आहे. भिडस्तपणामुळे आया हे सांगत नाहीत.

पदर, पायटेकण आणि शिरस्त्राण

मागे एका बाजूला पाय सोडून बसण्याची आपल्याकडच्या स्त्रियांची पद्धत लुगड्या-साडीमुळे आली आणि रुळली. तीत शरीराचा तोल मुळातच एका अंगाला असतो, त्यामुळे गाडी हिसकली की पडणे ठरलेले. वय झालेल्या बाईला आता पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसा असे सांगणे सोपे आहे. कित्येकींचे गुडघे तेवढे उचलत नाहीत, ही खरी अडचण आहे. मग निदान पाय टेकायला पक्की जागा आणि हाताला पक्की मूठ हवी. या गोष्टी विकत घेणाऱ्याच्या हौसेवर सोडलेल्या नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे मागे प्रवासी बसवता येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलला धरायची कायमची मूठ, पायटेकण आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही एवढा भाग झाकणारे संरक्षक आवरण असलेच पाहिजे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात गुंतू नयेत, हा या आवरणाचा हेतू त्या नियमातच लिहिलेला आहे. आपण ज्याला 'साडी गार्ड' म्हणतो ते हेच. नवी मोटारसायकल घरी आली की तरुण मुले पहिल्यांदा हेच काढून टाकतात, कारण ते दिसायला बरे दिसत नाही!

चाकात गुंतलेला पदर किंवा ओढणी क्षणार्धात माणसाला मागे खेचते. ओढणी गळ्याभोवती असेल तर गळा आवळला जातो, मानेचा मणका मोडतो. उमेदीच्या वर्षांत असे दोन रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांचे वर्णन करण्याची इच्छा नाही. पदर कमरेला खोचावा, ओढणी पिशवीत ठेवावी; धोतराचा सोगा आणि उपरणे यांनाही हेच लागू आहे. आपल्या घरच्या मोटारसायकलचे साडी गार्ड काढलेले असेल तर उद्या गॅरेजमध्ये जाऊन ते पुन्हा बसवून घ्यायला मुलाला किंवा नातवाला सांगावे.

हेल्मेटबद्दल मी काय सांगणार हे आपल्याला ठाऊक आहे आणि आपले उत्तर मलाही ठाऊक आहे : मान दुखते, ऐकू येत नाही, अंबाड्यावर बसत नाही. मान दुखते हे खरे असू शकते. हलके आणि मापाचे हेल्मेट घेतले तर ते बरेच कमी होते. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे करते. त्यावर आयएसआय चिन्हासोबत 'आयएस ४१५१' हा मानकाचा क्रमांक असावा. १ जून २०२१ पासून असे चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे देशात बेकायदा आहे. तरीही रस्त्याच्या कडेला टोपलीसारखी हेल्मेटे विकली जातात आणि दंड चुकवण्यापुरती घेतली जातात. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर घालून खरा की खोटा हे नातवंडांकडून तपासून घेता येते. आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला नसेल तर डोके जमिनीला लागण्याआधीच हेल्मेट निघून जाते.

अपघातात हेल्मेट फुटले, पट्टा तुटला, चाक निखळले किंवा ब्रेक निकामी झाला, तर ती वस्तू भंगारात देऊ नये. खरेदीच्या पावतीसह जपून ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या शारीरिक इजेसाठी उत्पादक, आणि काही परिस्थितीत विक्रेताही, भरपाई देण्यास जबाबदार धरला जातो. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करायची असते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे.

कागदावर काय लिहिले जाते

आता माझी दुसरी चूक. काकूंच्या शस्त्रक्रियेत घरातली साठवण संपली. टेम्पोच्या नंबरपाटीचे छायाचित्र मुलाने त्या दिवशी मोबाइलवर काढून ठेवले होते, ही त्याची हुशारी. पाच आठवड्यांनी त्याने पोलिसांत तक्रार नोंदवली आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज केला. टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलांनी माझा केसपेपर पुढे ठेवला. त्यावर टेम्पो नव्हता, स्कूटर नव्हती, चौक नव्हता, डोके नव्हते. होते ते फक्त 'पडून खरचटले'. मग बाई घरातच पडल्या नसतील कशावरून? मला साक्षीला जावे लागले. जिल्हा न्यायालयाच्या त्या खोलीत वकिलांनी शांतपणे विचारले, "डॉक्टर, टेम्पोबद्दल त्या दिवशी आपल्याला सांगितले होते, तर आपण ते लिहिले का नाही?" मला उत्तर देता आले नाही. गर्दी होती, हे उत्तर नव्हे.

त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात वाहनाची जखम घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर तारीख, वेळ, जागा, वाहने, कोण कसे पडले आणि कुठेकुठे लागले, हे मी लिहिते. आपणही ते लिहून मागावे आणि त्याची एक प्रत घरी न्यावी. रुग्णालयात गेल्यावर अपघाताची नोंद 'एमएलसी' म्हणून करून घ्यावी. इथे मोठी अडचण येते ती भीतीची. "पोलिसांचं लचांड नको" असे म्हणून नातेवाईक सांगतात की आई जिन्यावरून पडली. कधी मुलाकडे परवाना नसतो, कधी विमा संपलेला असतो, कधी नुसतीच बदनामीची धास्ती असते. ते खोटे वाक्य रुग्णालयाच्या पहिल्या कागदावर उतरते आणि पुढे खरे सांगायची वेळ येते तेव्हा तेच आड येते. एमएलसी म्हणजे आपल्या मुलावर गुन्हा नव्हे. अमुक दिवशी अमुक कारणाने आलेल्या जखमेची ती सरकारदरबारी पोहोचणारी नोंद आहे.

तक्रार करायला उशीर झाला म्हणून दावा आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे; जखमीचा जीव वाचवायचा की पोलीस ठाण्यात धावायचे, यात माणूस आधी काय करणार हे न्यायालयांना समजते. तरीही उशीर जितका कमी तितका बरा. न्यायाधिकरणापुढच्या अर्जाला मात्र २०१९ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत घातली असून ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिच्याविषयी न्यायालयांत वाद झालेले आहेत. आपण त्या वादात न पडता मुदत पाळावी. अर्ज अपघात झाला त्या ठिकाणीच करावा लागतो हा गैरसमज आहे. आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. आई तीर्थयात्रेला गेली असताना परमुलखात अपघात झाला तर ही तरतूद फार मोलाची ठरते.

मागे बसणाऱ्यांसाठी विम्याची एक गोम आहे आणि ती मला स्वतःला त्या खटल्याच्या निमित्ताने कळली. दुसऱ्या वाहनाने धडक दिली तर त्या वाहनाचा थर्ड पार्टी विमा मागे बसलेल्या व्यक्तीला भरपाई देतो. चूक दोन्ही चालकांची असली तरी आईची त्यात काही चूक नसते. ती आपली पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते, असा २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. पण समजा दुसरे वाहन नव्हतेच. मुलाची स्कूटर वाळूवरून घसरली आणि आईचे खुब्याचे हाड मोडले. मुलाकडे फक्त कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा असेल, तर मागे बसलेल्या आईचा समावेश त्यात होत नाही. पॅकेज पॉलिसी, म्हणजे आपण जिला सर्वसमावेशक म्हणतो ती असेल, तर होतो. दोन्हींच्या हप्त्यांत फरक आहे, पण मागच्या सीटवर रोज कोणी बसत असेल तर तो फरक वाचवण्यात शहाणपणा नाही. घरच्या दुचाकीची पॉलिसी आज कपाटातून काढून ती कोणती आहे, हे एकदा वाचून घ्यावे.

धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा पत्ताच लागला नाही, तर २०२२ च्या योजनेप्रमाणे मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठी प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात चौकशी करावी. गंभीर दुखापत म्हटले की आपल्याला अतिदक्षता विभाग आठवतो. कायद्याच्या भाषेत हाड मोडणे हीच गंभीर दुखापत असते. मनगटाचे हाडही त्यात येते.

उपचारांच्या खर्चासाठी ५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची रोखरहित उपचारांची योजना आहे. मोटार वाहनाच्या अपघातात सापडलेल्या व्यक्तीला नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळण्याची तीत तरतूद आहे. रुग्णालयाच्या खिडकीवर तिचे नाव घेऊन विचारावे. न विचारता कोणी सांगेल, अशी अपेक्षा ठेवू नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका मागवणाऱ्या किंवा जखमीला उचलून रुग्णालयात नेणाऱ्या अनोळखी माणसाला पोलीस वा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाहीत, त्याला नाव सांगण्याची सक्तीही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ (अ) ने त्याला हे संरक्षण दिलेले आहे. आपण मॉर्निंग वॉकला गेला असता रस्त्यावर कोणी पडलेला दिसला, तर हे आठवावे.

"आता माझ्या वयाला भरपाई कसली?"

हा प्रश्न काकूंनीच विचारला होता. त्या कमवत नव्हत्या, मग नुकसान कसले झाले? ज्येष्ठांच्या घरी हा विचार फार खोलवर रुजलेला असतो आणि त्यापायी कित्येक दावे दाखलच होत नाहीत. भरपाई केवळ बुडालेल्या पगाराची नसते. औषधोपचार, प्रवास, पथ्याचा आहार, सोबतीला ठेवलेली आया, पुढे लागणारे उपचार, सोसलेल्या वेदना, गमावलेले हिंडणेफिरणे, या साऱ्यांची ती असते. वयाप्रमाणे गुणक कमी होतो हे खरे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या कोष्टकात एकसष्ट ते पासष्ट वयासाठी तो सात आणि त्यापुढे पाच आहे. पण तो शून्य नाही. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला पैशात मोल आहे, हे २०२१ च्या एका निकालात त्याच न्यायालयाने विस्ताराने सांगितले आहे. काकू नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडत होत्या, दोन वेळचा स्वयंपाक करत होत्या. आता ते काम पैसे देऊन करून घ्यावे लागते, हे वकिलांना सांगायचे त्यांच्या घरात कोणालाच सुचले नव्हते.

शुश्रूषा करणाऱ्या सुनांना आणि मुलींना माझे सांगणे असे की पहिल्या दिवसापासून एक साधी वही घालावी. तीत रिक्षाचे पैसे, आयेचा पगार, डायपर, वॉकर, तपासण्या, सारे तारखेसह लिहावे. औषधाच्या बिलासोबत त्याची चिठ्ठी टाचून ठेवावी, कारण चिठ्ठीविना बिल मान्य करून घेताना त्रास होतो. उपचार संपून प्रकृती स्थिरावली आणि काही अपंगत्व उरले असे वाटले, तर शासकीय रुग्णालयातून त्याचा दाखला घ्यावा. आणि रस्त्यावर हातावर ठेवलेले दोन हजार घेऊन, 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर त्या दिवशी सही करू नये. त्या दिवशी आपली आई किती जखमी आहे हे आपल्यालाच काय, डॉक्टरलाही ठाऊक नसते.

काकूंचा दावा शेवटी लोकअदालतीत मिटला. मागितले होते त्यापेक्षा बरेच कमी मिळाले. माझ्या कोऱ्या केसपेपरचा त्यात वाटा होता, हे त्यांच्या वकिलांनी मला आडून सुचवले आणि ते योग्यच होते. लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील करता येत नाही, म्हणून सही करण्यापूर्वी आकडा घरी येऊन शांतपणे तपासावा, असे मी आता ओळखीच्या सर्वांना सांगते.

वकिलांची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, अपंगांनाही मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करून आधी चौकशी करता येते. जाताना एमएलसीची प्रत, एफआयआर, पंचनामा, दवाखान्याचे सर्व कागद आणि ती वही बरोबर न्यावी. काकू आता काठी टेकत चालतात. महिन्यातून एकदा रक्तदाब दाखवायला येतात, त्या रिक्षाने. स्कूटरवर बसायचे त्यांनी सोडले आहे. तपासून झाल्यावर केसपेपर उचलून, चष्मा लावून, मी काय लिहिले आहे ते त्या सावकाश वाचतात आणि मगच घडी घालून पिशवीत ठेवतात.